दक्षिण भिंतीवरचा नकाशा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांनाही नाही. ते जाऊन चार वर्षं झाली, आणि त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत एक कडक पण चांगली मास्तरीणच होते. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. कुणीतरी म्हणालं, बाईंनी दोन पिढ्यांना दिशा दाखवली — आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या उगाच पदर सारखा करत राहिले. दिशा! दुसरा शब्द मिळाला नाही का त्या माणसाला?

तुम्हाला सांगते. पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही. तशी मी बोलकी. वर्गात माझ्या तोंडाचा पट्टा चालू झाला की शेजारच्या खोलीतले गुरुजी खिडकी लावून घ्यायचे. पण या एका गोष्टीपाशी आलं की जीभ अडते. तेव्हा आधी थोडं इकडचं तिकडचं बोलते. चालेल ना?

मी तिसरीला शिकवायचे. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असतो. आठ-नऊ वर्षांची पोरं, त्यांना काय जिल्हा नि काय तालुका! एकदा विचारलं, जिल्हा म्हणजे काय, तर एक पोरगा म्हणाला, जिथं एसटी थांबते आणि पुन्हा माघारी वळते ते. मला त्याचं उत्तर आवडलं होतं. पण पुस्तकात दुसरं होतं, म्हणून मी त्याला खाली बसवलं. असं मी बऱ्याचदा केलंय, आणि त्याचं मला फार काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

गाव गेवराई तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं राहतात. तलवाड्याच्या फाट्यावर उतरून पुढे दोन मैल चालत जायचं. शाळा दोन खोल्यांची. माझ्या खोलीचं दार उत्तरेच्या भिंतीत, पूर्वेला आणि पश्चिमेला खिडक्या, आणि दक्षिणेची भिंत तेवढी सलग, कोरी. दारात उभं राहिलं की समोर दूरवर माळ दिसायचा आणि माळाच्या अंगावर धनगरांची वस्ती. तीसेक घरं असतील. वस्तीवरून नऊ मुलं माझ्या वर्गात यायची. त्यांतली एक मनकर्णा.

मनकर्णाबद्दल सांगायचं म्हणजे — थांबा, आधी नकाशाचं सांगते.

दिशा शिकवायची माझी स्वतःची पद्धत होती, आणि तिचा मला गर्व होता. पुस्तकात लिहिलेलं असतं की सकाळी सूर्याकडे तोंड करून उभं राहावं. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. बरेच मास्तर हे घोकून घेतात आणि लगेच भिंतीवरच्या नकाशाकडे छडी करून सांगतात, वर उत्तर, खाली दक्षिण. मग पोरांना वाटतं, उत्तर म्हणजे आभाळात. मी तसं करत नसे. मी पटांगणात मुलांना घेऊन आख्खं गाव जमिनीवर मांडायचे. राखेचे रस्ते, घरांना चिंचोके, विहिरींना बाटल्यांची झाकणं, देवळाला कागदी झेंडा, आणि पाणी दाखवायला कपड्यांना घालायची नीळ. नकाशातली उत्तर खऱ्या उत्तरेकडेच ठेवायची. मग मुलं त्या गावातून चालायची. मी विचारायची, वाण्याच्या दुकानापासून शाळा कुठल्या दिशेला? ती पायांनी जाऊन सांगायची. हे सगळं पक्कं झाल्यावरच मी भिंतीवरचा नकाशा दाखवायची, आणि तेव्हाही बजावून सांगायची, की हा भिंतीवर टांगलाय म्हणून वरची बाजू उत्तर म्हणायची. उत्तर खरी तिथे नाही बरं का, खरी उत्तर दाराबाहेर आहे.

हे बजावणं लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही नावालाच झाला होता. दिवाळीपासूनच विहिरींनी तळ दाखवला, आणि संक्रांतीनंतर गावात टँकर यायला लागला. आला की गावच्या विहिरीत रिकामा करायचा आणि बायका वरून शेंदून घ्यायच्या. वस्तीला मात्र टँकर नव्हता. तिथल्या बाया-पोरी अडीच मैल चालत गावात यायच्या, आणि गावाचं भरून झाल्यावर तळाला उरलेलं गढूळ त्यांच्या वाट्याला यायचं. पोरं शाळेत घागर घेऊनच यायची. शाळा सुटली की दप्तर पाठीला, घागर डोक्यावर.

वस्तीला टँकर का नव्हता? कारण कागदावर वस्तीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव होता. आणि तलावाखाली पिण्याच्या पाण्याची विहीर होती. दोन्ही कामं गावच्या मजूर सोसायटीने पुरी केली असं दप्तरी नमूद होतं. सोसायटीचे चेअरमन म्हणजे आबा. जिथे पाण्याची सोय आहे तिथे टँकर कशाला, असा सरकारी हिशेब.

आबा वाईट माणूस होते असं तुम्हाला वाटेल. मला तसं सांगता येत नाही. शाळेचे पत्रे उडाले तेव्हा दुसऱ्या दिवशी नवे बसवले ते आबांनी. मला गावात खोली मिळवून दिली तीही त्यांनीच. माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता आणि गेवराईला सासूबाईंजवळ असायचा. यजमान तिथे कारकून. मी शनिवारी दुपारी जायची, सोमवारी पहाटेच्या गाडीने यायची. मुलगा सासूबाईंना आई म्हणायला लागला होता आणि मी गेले की त्यांच्या मागे लपायचा. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. घडलं ते सांगायचं तर हेही सांगावं लागतं. गेवराईला बदली मिळावी म्हणून मी तीन अर्ज केले होते, आणि आबांचं जिल्हा परिषदेत वजन होतं, हे मला माहीत होतं. कुणाला नव्हतं?

आता मनकर्णा. काळीसावळी, केसांना कायम मातीचा रंग. वाचनात मागे, पाढ्यांत मागे. पण पटांगणातल्या नकाशावर ती उतरली की बाकीची पोरं बाजूला व्हायची. तिला सूर्य लागायचा नाही. डोळे बांधून चार गिरक्या द्या, थांबल्यावर जरा उभी राहायची, आणि बरोबर उत्तरेला बोट करायची. मी विचारलं, कसं कळतं गं? तर म्हणाली, वारं कुणीकडून लागतंय ते कळतं की. बापाबरोबर मेंढरांमागं हिंडून तिला जमिनीचा उतारन् उतार माहीत होता. कुठलं पाणी कुठल्या ओढ्याला जातं, कुठला ओढा गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला मिळतो, सगळं. इतकी वर्षं भूगोल शिकवला, पण तो अंगात असलेलं पोर मी ते एकच पाहिलं.

त्याच सुमारास दक्षिणेच्या कोऱ्या भिंतीवर गावाचा मोठा नकाशा रंगवायचं ठरलं. रंगांचे डबे आबांनी पाठवले. काम बघायला आले आणि जाता जाता म्हणाले, वस्तीच्या वर आपलं तळं दाखवा बाई, चांगलं निळं. मी दाखवलं. वस्तीकडे मी कधी गेले नव्हते. असेल तळं, असं धरून चालले. दुसऱ्या दिवशी पटांगणात नकाशा मांडताना मी मनकर्णाला नीळ दिली आणि म्हटलं, वस्तीच्या वर तळं दाखव. तिने नीळ हातात धरली आणि तशीच उभी राहिली.

"तळं न्हाई बाई तिथं," ती म्हणाली. "नुसता बांध हाय. तो बी अर्धाच."

मी रागावले. भिंतीवर मी स्वतःच्या हाताने रंगवलेलं तळं, आणि ही चिमुरडी नाही म्हणते! पण मनात किडा वळवळला. त्या शनिवारी मी गेवराईची गाडी सोडली आणि तिच्याबरोबर वस्तीवर गेले. वाटेत तिने मला किती काय दाखवलं — ही बाभळीची ओळ म्हणजे जुना ओढा, इथे दगड पांढरा लागतो म्हणजे खाली पाणी नाही, पावसाळ्यात इथून उतरतं आणि तिथे मुरतं. त्या वाटेवर बाई ती होती आणि विद्यार्थीण मी. वस्तीच्या वर पोचलो. पन्नास-साठ पावलांचा दगडमातीचा बांध, मध्येच तुटलेला, पलीकडे बोरी-बाभळी आणि मेंढरांच्या लेंड्या. विहीर म्हणून एक खड्डा होता, कमरेएवढा, त्यात कुत्रं झोपलं होतं. मनकर्णा माझ्या तोंडाकडे बघत होती, आपलं बरोबर निघालं म्हणून खूश. मी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, शाब्बास, तुझंच बरोबर.

म्हणजे मला ठाऊक होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला तसं बोलूनही दाखवलं होतं. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

भिंतीवरचं तळं मात्र मी पुसलं नाही. पुसते पुसते म्हणत राहिले. रोज वर्गात गेलं की ते निळं दिसायचं आणि मी दुसरीकडे बघायची.

मार्च लागला. वस्तीच्या लोकांनी टँकरसाठी तालुक्याला अर्ज केला होता, आणि पाहणी करायला तालुक्याहून साहेब आले. गावात जीप आली की थांबायची शाळेपाशीच. खुर्च्या-टेबल तिथेच, सावलीही तिथेच. साहेब माझ्या वर्गात आले, बरोबर आबा आणि चार-सहा माणसं. साहेबांची खुर्ची नेमकी नकाशाखाली ठेवली. आबा म्हणाले, आमच्या बाईंनी लई बेस नकाशा काढलाय, बघा साहेब. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने म्हणाले, "बाई, लेकरू लहान हाय तुमचं. जूनमधी बघू आपण तुमचं."

बस्स, एवढंच. धमकी नाही, काही नाही. मी मान हलवली.

साहेबांनी नकाशा पाहिला, तळं पाहिलं. बाहेर ऊन रणरणत होतं, जीप ओढ्यापलीकडे जात नव्हती, आणि आबांच्या वाड्यावर जेवण तयार होतं. तरी माणूस अगदीच वाईट नसावा. म्हणाले, वस्तीवरचं कोण आहे रे इथे? मनकर्णा लगेच उठली. साहेबांनी हसत विचारलं, काय गं, तळ्यात पाणी आहे का?

"तळं न्हाई साहेब," ती खणखणीत म्हणाली. "अर्धा बांध हाय. बाईंनी बी बघितलाय."

साहेबांची मान माझ्याकडे वळली. आबा नकाशाकडे बघत होते. आणि ती पोरगी — ती निर्धास्त उभी होती. बाईंना माहीत आहे, बाई सांगतील. तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतंच.

मी काय केलं? नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गप्प राहिले असते तर साहेब कदाचित उठून गेले असते पायी, कोण जाणे. मी हसले. हो, हसले. म्हटलं, "साहेब, पोरगी कच्ची आहे. हिला अजून दिशासुद्धा कळत नाहीत. कुठला तरी दुसराच बांध सांगतेय." आणि एवढ्यावर भागलं नाही माझं. मी पुढे म्हटलं, "मनकर्णा, उत्तर कुठे आहे, दाखव बघू."

तुमच्या लक्षात येतंय ना? नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर. मुलांची तोंडं नकाशाकडे, म्हणजे दक्षिणेला. नकाशात उत्तर वरच्या बाजूला लिहिलेली, माझ्याच अक्षरात. आणि खरी उत्तर मनकर्णाच्या पाठीमागे, दाराबाहेर, तिच्या वस्तीकडे. तिला जे येत होतं तेच ती करणार, हे मला माहीत होतं. माझी शिकवणच ती होती.

ती वळली आणि तिने दाराकडे हात केला.

"बघितलंत?" मी म्हटलं. "नकाशा समोर रंगवलाय, वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि ही पाठीमागे हात करतेय."

साहेब हसले. माणसं हसली. मग मुलंही हसली, बाई हसतात म्हणून. मनकर्णाचा हात तसाच दाराकडे राहिला होता. तो तिने हळूहळू खाली घेतला. मी म्हटलं, बस खाली. ती बसली.

जेवणानंतर पंचनामा झाला. तलाव व विहीर अस्तित्वात असून वस्तीस पाण्याची सोय आहे, असं त्यात लिहिलं होतं. पंच म्हणून गावातल्या शिकल्यासवरल्या माणसाची सही हवी होती. मी केली. माझी सही फार सुरेख होती तेव्हा, सगळे म्हणायचे.

वस्तीला टँकर मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गात एकटीच वह्या तपासत होते. मनकर्णा टेबलापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, भांडेल, रडेल, विचारेल की बाई, मला खोटं का पाडलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने तसं काहीच विचारलं नाही. तिने अगदी शिकायला म्हणून विचारलं —

"मंग बाई, उत्तर कुठं हाय?"

खरंच विचारत होती हो. बाईंनी चूक म्हटलं म्हणजे आपलंच चुकलं, तर बरोबर काय ते बाईंनाच विचारावं. तेव्हा वर्गात साहेब नव्हते, आबा नव्हते. एक वाक्य पुरलं असतं. मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, नकाशात बघ, वर असते उत्तर. आणि तिने वर बघितलं. नकाशाच्याही वर, पत्र्याकडे. थोडा वेळ बघत राहिली आणि मग बाहेर गेली.

त्यानंतर मी पटांगणात नकाशा मांडला नाही. आता परीक्षा जवळ आली, घोका, असं मुलांना सांगितलं. मनकर्णा मागे बसायला लागली. मी तिला प्रश्न विचारणंच सोडून दिलं होतं, आणि चुकून नजरानजर झाली तर कशावरून तरी तिच्यावर खेकसायची. अक्षर घाण आहे, केस विंचरले नाहीत, उशीर का झाला. उशीर का व्हायचा ते मला माहीत नव्हतं का? पाण्याच्या घागरी कुणाच्या सहीने तिच्या डोक्यावर होत्या?

पंधरा-वीस दिवसांनी तिचा बाप शाळेत आला. दाराशीच पायताण काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. वस्ती उठत होती. मेंढरांना पाणी नाही, तेव्हा सगळे गंगेकडे निघाले होते, नदीकाठाने जिथे ओल मिळेल तिथे. पोरीलाही नेतो म्हणाला. मी म्हटलं, परीक्षा महिन्यावर आली आहे. त्यावर तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"तिचा मामा हाय गावात, बाई. त्याच्याकडं ठिवणार हुतो. म्या ठरवलंच हुतं. पर तुमीच साहेबाला म्हणलात, पोरगी कच्ची हाय, तिला दिशा बी कळत न्हाईत. मंग म्हणलं, कशाला मामाच्या घरी बोजा? मेंढरामागं तरी कामाला येईल."

रागाने नाही बोलला. उलट मला बरं वाटावं अशा सुरात बोलला — बाईंचं मत आपण मानलं, हे सांगायला. मनकर्णा त्याच्या मागे उभी होती, डोक्यावर घागर नव्हती तर किती लहान दिसत होती. आठ वर्षांचं पोर. मला म्हणता आलं असतं, नका नेऊ, ही माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी आहे, मी खोटं बोलले. तो माणूस माझं म्हणणं ऐकायलाच आला होता. मी जे म्हटलं असतं ते त्याने केलं असतं. मी म्हटलं, बरं. हजेरीपटावर तिच्या नावापुढे स्थलांतरित असं लिहिलं. ती पुन्हा शाळेत आली नाही.

जूनमध्ये माझी गेवराईला बदली झाली. मुलगा माझ्याजवळ राहिला, मला आई म्हणायला लागला. तो शिकला, मोठा झाला, आता पुण्याला असतो. त्याच्या घरी गेले की माझी नात शाळेतले नकाशे आणून दाखवते. मी सांगते, छान आहे.

तुम्हाला वाटेल, हीच कबुली. मलाही वाटायचं. कितीतरी वर्षं मी मनाशी हेच घोळवत होते, की तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, मूल लहान होतं, आबांपुढे कुणाचं चालत होतं. आज मनकर्णा समोर आली तर मी सगळं सांगून टाकेन, तिचे पाय धरेन. असं ठरवून झोपायची मी. ते ठरवलं की झोपही लागायची.

आणि ती आली.

यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गेवराईच्या स्टँडवर मी सकाळी दहाच्या सुमाराला बीडच्या गाडीसाठी बसले होते. कुणीतरी एकदम पायांवर डोकं ठेवलं. चाळिशीची बाई, हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, केसांत पांढरं. बाई, वळखलं का, म्हणाली. मी ओळखलं. तिने नाव सांगायच्या आधीच ओळखलं. तिच्याबरोबर अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती, बीडला नर्सिंगच्या कॉलेजात शिकणारी, चुणचुणीत.

मनकर्णाला किती आनंद झाला होता! मुलीला सांगत होती, ह्या माझ्या बाई, ह्यांनी आमाला जमिनीवर गाव मांडून दिलं हुतं. तिला चिंचोके आठवत होते, झेंडा आठवत होता. मग हसत हसत म्हणाली की आता ती राहते त्या वस्तीवर बायकांची दूध सोसायटी निघालीय, चांगली चालते, आणि सगळ्या बायका तिलाच चेअरमन हो म्हणत होत्या. पण चेअरमनला तालुक्याला जावं लागतं, जिल्ह्याला जावं लागतं, एकटीने. ती नाही म्हणाली.

"मला कुठं दिशा कळत्यात बाई? तुमीच तर म्हणल्या हुत्या. मी एकटी कुठंच जात न्हाई. चुकायचं भ्या वाटतं. हिला संगं घेतल्याबिगर पाऊल टाकत न्हाई."

आपल्या लहानपणची एक गंमत सांगावी तसं सांगत होती. मेंढरांमागे वाढलेली, डोळे बांधून उत्तर सांगणारी ती पोर — तिने बत्तीस वर्षं हे खरं मानलं होतं. रानात तिला वाट कळतच असणार, पण ते तिच्या लेखी कळणं नव्हतं. डांबरी रस्ता लागला, पाटी आली, एसटी आली, की ती मुलीचा हात धरत होती.

आता बोलायचं होतं मला. इतकी वर्षं ठरवलेलं. तिथे आबा नव्हते, ते केव्हाच गेले. साहेब नव्हते. बदली नव्हती, लहान मूल नव्हतं, नोकरीच नव्हती. मला कुणाचीही भीती असायचं काही कारण उरलं नव्हतं.

आणि तिच्या मुलीने मला विचारलंसुद्धा. सरळच विचारलं, आईकडे बघून हसत — "बाई, आई खरंच शाळेत ढ होती का हो?"

मनकर्णाही माझ्याकडे बघत होती. निर्धास्त.

मी म्हटलं, "होती थोडी कच्ची."

मुलगी हसली, मनकर्णा हसली, मीही हसले. मुलगी म्हणाली, बघ आई, बाई पण म्हणतात. तेवढ्यात बीडची गाडी लागली. मनकर्णाने पुन्हा वाकून माझ्या पायांना हात लावला, मुलीचा दंड घट्ट धरला आणि तिच्या मागे मागे गाडीत चढली. मलाही त्याच गाडीने जायचं होतं. मी बाकावरून उठले नाही.